फॉर्म्युलाच्या डब्यावरचा प्रथिनांचा आकडा: स्टेज 2 ला जायचं की नाही? (चर्चा; प्रत्येक भागावर बोलणाऱ्याचं टोपणनाव)

आहारतक्ता:
पूर्ण दिवसांचं बाळ, जन्मवजन 2.9 किलो, आता सहा महिने पूर्ण. अंगावरचं दूध चौथ्या महिन्यात बंद झालं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं पावडरचं दूध (फॉर्म्युला) चालू आहे. स्टेज 1 चा (पहिल्या सहा महिन्यांसाठीचा) डबा संपत आलाय, पुढचा स्टेज 2 (सहा महिन्यांनंतरचा). 100 ग्रॅम पावडरमागे लेबल असं:
स्टेज 1: प्रथिने 10.2 ग्रॅम, ऊर्जा 505 किलोकॅलरी
स्टेज 2: प्रथिने 13.6 ग्रॅम, ऊर्जा 465 किलोकॅलरी
प्रथिनं जास्त म्हणजे बाळसं लवकर धरेल, असं घरच्यांचं म्हणणं. आजींचा कल म्हशीच्या दुधाकडे. पालकांना आकड्यानिशी काय सांगावं?

दूधहिशोब:
पावडरच्या 100 ग्रॅमवर तुलना करू नका, फसगत होते. बाळ पोट भरेपर्यंत पितं, म्हणजे कॅलरी साधारण ठरलेल्या. म्हणून प्रथिने भागिले ऊर्जा, गुणिले 100, म्हणजे 100 किलोकॅलरीमागे किती ग्रॅम प्रथिने ते कळतं.
स्टेज 1: 10.2 ÷ 505 × 100 = 2.02
स्टेज 2: 13.6 ÷ 465 × 100 = 2.92
पावडरच्या वजनावर फरक 33 टक्क्यांचा दिसतो, कॅलरीवर तो जवळपास 45 टक्के निघतो. युरोपातला आजचा नियम गाईच्या दुधाच्या फॉर्म्युलासाठी 1.8 ते 2.5 आहे. कोडेक्सचं (जागतिक अन्नमानकं ठरवणारी संस्था) फॉलो-अप, म्हणजे स्टेज 2 च्या फॉर्म्युलाचं, जुनं 1987 चं मानक 3.0 ते 5.5 असं होतं. 'स्टेज 2 मध्ये प्रथिनं जास्त हवीत' ही समजूत त्याच काळातली. 2023 च्या सुधारणेत सहा ते बारा महिन्यांसाठी वरची मर्यादा 3.0 वर आणली.
आणि स्टेज 2 ला जायलाच हवं असं नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस स्पष्ट सांगते की वर्ष होईपर्यंत पहिल्याच फॉर्म्युलावर ठेवा, बदलून फायदा नाही.

वाढआलेख:
बाळसं आणि वाढ या दोन गोष्टी आहेत, गोंधळ तिथेच होतो. बेल्जियम, जर्मनी, इटली, पोलंड, स्पेन या पाच देशांत हजाराहून जास्त बाळांवर चाचणी झाली, म्युनिकच्या बर्थोल्ड कोलेट्झको यांच्या नेतृत्वाखाली. एका गटाला 100 किलोकॅलरीमागे 1.77 ग्रॅम प्रथिनांचा फॉर्म्युला आणि पुढे 2.2 चा फॉलो-ऑन (पुढच्या टप्प्याचा), दुसऱ्याला 2.9 आणि मग 4.4. दोन वर्षांनी उंची सारखीच, वजन मात्र दुसऱ्या गटात जास्त. सहाव्या वर्षी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) सरासरी 0.51 ने जास्त, लठ्ठपणाची शक्यता सुमारे 2.4 पट. (सहाव्या वर्षी निम्म्याहून कमी मुलं मोजता आली, हेही लक्षात ठेवा.)
कारण असं मांडतात: जास्त प्रथिनांमुळे रक्तात ल्युसिनसारखी अमिनो आम्लं वाढतात, त्यामुळे इन्सुलिन आणि आयजीएफ-1 (वाढीचं एक संप्रेरक) वाढतं, आणि चरबी साठते. आईच्या पक्व दुधात (सुरुवातीच्या चिकानंतरच्या) 100 मिलीला जेमतेम 1 ग्रॅम प्रथिने असतात. तुमचा 2.92 त्या चाचणीतल्या 4.4 इतका वाईट नाही, पण 2.02 हाताशी असताना तो का घ्यायचा?

आता म्हशीचं दूध. त्यात 100 मिलीला प्रथिने पावणेचारच्या आसपास. फॅट भरपूर असल्याने कॅलरीमागे ते गाईच्या दुधापेक्षा (गाईचं सुमारे 5) कमी भरतं, तरी फॉर्म्युलापेक्षा बरंच जास्त. पाणी आणि साखर घालून आकडा खाली येतो, लोह मात्र आधीच नगण्य, ते आणखी पातळ होतं. वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नको.

बाटलीवाटी:
डबा कोणताही आणा, बनवताना चूक झाली की लेबलचा हिशोब वाया. आधी पाणी मोजा, मग पावडर. 120 मिली पाण्याला चार सपाट चमचे (डब्यावर 30 मिलीला एक लिहिलं असेल तर). पावडर आधी टाकून मग पाणी 120 च्या रेघेपर्यंत भरलं की पावडर जागा घेते, पाणी दहा-बारा मिली कमी पडतं आणि दूध सुमारे दहा टक्के घट्ट होतं. चमचा शिगोशीग भरला तर वेगळंच. असं घट्ट दूध रोज गेलं तर मूत्रपिंडावर भार आणि बद्धकोष्ठता, उन्हाळ्यात सोडियम चढण्याचा धोका. उलट डबा पुरवायला जास्त पाणी घातलं की वजन थबकतं.
चमचा त्याच डब्यातला, सुरीच्या पाठीने सपाट केलेला. चमच्याचं माप कंपनीगणिक बदलतं, डबा बदलला की जुना चमचा फेकून द्या. पाणी उकळून निदान 70 अंशांवर असताना पावडर मिसळा, मग कोमट करा. बनवल्यापासून दोन तासांच्या आत द्या, उरलेलं ओता.

आहारतक्ता:
हिशोब पटला. पण स्तनपान करणाऱ्या शेजारच्या बाळापेक्षा हे जड दिसतं, त्यावरून घरचे खूष आहेत.

वाढआलेख:
त्यात नवल नाही. वर्षाच्या शेवटी फॉर्म्युलावरची बाळं सरासरी सहाशे-साडेसहाशे ग्रॅमने जड निघतात, हे जुनं निरीक्षण आहे. शेजारचं बाळ पाहू नका, अंगणवाडीतल्या डब्ल्यूएचओच्या आलेखावर महिन्यातून एकदा वजन आणि दोन-तीन महिन्यांनी लांबी मांडा. लांबी आपल्या रेषेवर आणि वजन दोन रेषा ओलांडून वर जात असेल तर दुधाचं प्रमाण तपासा.

नवजातकक्ष:
एक अपवाद नोंदवतो, कोणी हे सरसकट लावू नये. कमी दिवसांच्या बाळाला प्रथिने वजनाच्या किलोमागे दिवसाला साडेतीन ते साडेचार ग्रॅम लागतात, म्हणून आईच्या दुधात फोर्टिफायर (पोषक घटक वाढवणारी पूड) घालतात. वरची चाचणी निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळांवरची आहे. अतिकुपोषित मुलाचं गणित वेगळं: पोषण पुनर्वसन केंद्रात सुरुवातीला एफ-75 हे उपचाराचं दूध देतात, 100 मिलीला फक्त 0.9 ग्रॅम प्रथिने, आणि प्रकृती स्थिरावल्यावरच एफ-100, ज्यात 2.9. आपल्याकडे जन्मवजन कमी असण्याचं प्रमाण मोठं आहे, शिवाय पुण्यातल्या केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिकांच्या गटाला सरासरी 2.7 किलोच्या नवजातांतही शरीरातली चरबी तुलनेने जास्त आढळली होती. 1.9 किलोचं बाळ असेल तर डबा निवडण्याआधी डॉक्टरांना किलोमागची प्रथिनं विचारा.