विधेयकाची शेवटची पानं

राजपत्रातला अधिनियम (म्हणजे मंजूर झालेला कायदा) वाचून तो का केला हे कळत नाही, अशी तक्रार अनेकदा होते आणि ती रास्त आहे. पण ते कारण विधेयकात असतं. संसदेत मांडलेल्या विधेयकाला ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ जोडलेलं असतं. अधिनियम छापताना ते गळतं.

मी मात्र आधी विधेयकालाच जोडलेलं प्रत्यायोजित विधिविधानाचं ज्ञापन उघडतो (नाव भयंकर आहे, मान्य). विधेयकातल्या कोणत्या खंडांचा (म्हणजे कलमांचा) तपशील सरकार पुढे नियमांनी ठरवणार, हे त्यात सांगितलेलं असतं. निवेदन बरेचदा गोडगोड; खरी मेख इथे. नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करायची अट मूळ कायद्यात असेल, तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या (केंद्रीय कायद्यांना लागू होणारे सामान्य नियम सांगणारा कायदा) कलम २३ नुसार मुदतीत आलेल्या हरकती-सूचना विचारात घ्याव्याच लागतात.