काळ्या चिकट जमिनीत पलटी नांगराचा मोल्डबोर्ड पट्टीचा घ्यावा की अखंड पत्र्याचा?

प्रश्न (चोपडा तालुका, केळी आणि कपाशी)

सर्व शेतकरी बांधवांना नमस्कार. माझ्याकडे एकूण १४ एकर जमीन असून त्यातील ९ एकर तापीच्या बाजूची भारी काळी आहे आणि उरलेली ५ एकर सातपुड्याकडील मुरमाड, बरड आहे. ट्रॅक्टर ४७ अश्वशक्तीचा आहे आणि त्यामागे दोन फाळांचा हायड्रॉलिक पलटी नांगर चालतो. फाळाने कापलेली माती उचलून उलटी करणारा वळणदार पत्रा, म्हणजेच मोल्डबोर्ड, माझ्या नांगराला अखंड आहे.

गेल्या जानेवारीत केळीची कांदेबाग (हिवाळ्याच्या तोंडावर लावलेली केळी) काढल्यावर त्याच शेतात लगेच नांगरट करायला घेतली, तेव्हा काळी माती पत्र्याला अशी चिकटून बसू लागली की प्रत्येक दोन तासांना (तास म्हणजे नांगराने पडणारी सरी) उतरून, म्हणजे शेताच्या टोकाला पोहोचल्यावर प्रत्येक दुसऱ्या फेरीला, लोखंडी पट्टीने ती खरवडून काढावी लागली. माती उलटण्याऐवजी पुढे ढकलली जात होती, ट्रॅक्टरवर ओझे येत होते आणि चाके घसरत होती. आता नांगर बदलायचा आहे. विक्रेते पट्टीच्या मोल्डबोर्डचा आग्रह धरत आहेत, तर आमचे काका म्हणतात की पट्टीच्या नांगराने माती नीट पलटत नाही आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, खोडे वरच राहतात. दोन्ही नांगर स्वतः चालवलेल्या शेतकऱ्यांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (शहादा तालुका)

भाऊ, मी अखंड पत्र्याचा नांगर बरीच वर्षे वापरला आणि आता पट्टीचा वापरतो. आमची जमीन तुमच्यासारखीच खोल काळी आहे आणि ऊस तुटल्यानंतर शेतात ओल राहतेच, त्यामुळे मला बदल करावा लागला. पट्टीच्या मोल्डबोर्डमध्ये तीन-चार लांब, वळणदार पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये फटी असतात, त्यामुळे मातीचा धातूशी येणारा संबंध कमी होतो आणि तेवढ्याच मातीचा दाब कमी जागेवर पडल्याने पट्ट्या घासून चकचकीत राहतात. ओल्या काळ्या जमिनीत फरक पहिल्याच तासाला दिसला. माती सरकत जाते, ढीग होत नाही आणि ट्रॅक्टर एक गिअर मोकळा चालतो.

तुमच्या काकांचे म्हणणे मात्र सर्वस्वी चुकीचे नाही. एप्रिलमध्ये जमीन पूर्ण वाळलेली असताना बारीक माती आणि छोटी ढेकळे फटींतून तासातच गळतात आणि पलटी अर्धवट होते. पऱ्हाटीची न कापलेली लांब खोडे आणि केळीच्या पानांचे धागेही कधीकधी फटीत अडकून बसतात. म्हणून आम्ही आधी श्रेडरने खोडांचा भुगा करतो आणि मगच नांगर घालतो. गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीनेही पऱ्हाटी शेतात उभी न ठेवता लवकर बारीक करणे आवश्यकच आहे.

उत्तर २ (धुळे, शेती अवजारांची दुरुस्ती)

नांगरांच्या दुरुस्तीचे काम करत असल्याने दोन्ही प्रकार रोज समोर येतात, म्हणून दुरुस्तीच्या अंगाने थोडे सविस्तर लिहितो. झीज सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त फाळावर, आणि फाळाला लागून असलेल्या मोल्डबोर्डच्या पुढच्या कडेवर होते. अखंड पत्र्याची ही पुढची कड पुष्कळ नांगरांत वेगळ्या तुकड्याची असते आणि ती बदलता येते, पण वळणाचा मधला भाग पातळ होऊन भोक पडले की पूर्ण पत्राच बदलावा लागतो. पट्टीच्या नांगरात जी पट्टी झिजली तेवढीच बदलता येते आणि खर्च वाटून जातो. मात्र ओझे कमी जागेवर येत असल्याने मुरमाड आणि खडकाळ जमिनीत पट्ट्या लवकर झिजतात आणि एखादा मोठा दगड फटीत सापडल्यास पट्टी वाकण्याचा धोका असतो. तुमच्या पाच एकर बरड जमिनीचा विचार करताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पट्टीचा नांगर घेणार असाल तर बोल्ट सतत तपासत राहा. पट्टीचा बोल्ट थोडा जरी सैल झाला तरी पट्टी थरथरते आणि भोक लांबट होते, आणि मग नवा बोल्टही तिथे नीट बसत नाही. पहिल्या दिवशी घड्याळाचे दोन-तीन तास चालवून झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. बोल्टचे डोके पत्र्याच्या पृष्ठभागात बुडलेले असले पाहिजे, कारण वर राहिलेल्या डोक्याशी माती चिकटायला सुरुवात होते.

एक गोष्ट मी अनेकदा पाहिली आहे आणि ती मनाला लागते. नवा नांगर आणल्यावर त्यावरचा कंपनीचा रंग तसाच ठेवून तो थेट काळ्या जमिनीत घातला जातो, किंवा जुना नांगर पावसाळाभर उघड्यावर ठेवून गंजलेला तसाच चालवला जातो, आणि माती चिकटली की दोष मोल्डबोर्डच्या प्रकाराला दिला जातो. रंग किंवा गंज असलेल्या पत्र्याला काळी माती हमखास धरते. अमेरिकेत इलिनॉयमधील चिकट गवताळ जमिनीसाठी जॉन डिअर यांनी १८३७ मध्ये गुळगुळीत पोलादाचा नांगर बनवला, त्यामागचे कारणही हेच होते की बिडाच्या नांगराला तेथील माती सोडत नव्हती. म्हणून काम संपल्यावर पत्रा धुऊन, पुसून त्यावर ग्रीस किंवा जुने तेल लावावे आणि नांगर छपराखाली ठेवावा. नवा नांगर आधी नदीकाठच्या वाळूसर रानात एखादा दिवस चालवावा, म्हणजे वाळूने घासून पत्रा आरशासारखा होतो. तुम्ही सांगितलेल्या अडचणीत गंज होता का, हे कळवावे.

प्रश्नकर्ता

दादा, आपण विचारले ते योग्य आहे. नांगर त्या आधी पाच महिने झाडाखाली उभा होता आणि पत्रा तांबूस झाला होता, हे मी मूळ प्रश्नात लिहायला हवे होते. परंतु पहिल्या दिवशी गंज घासून गेल्यावरही दुसऱ्या दिवशी माती चिकटत होती. ठिबकचे पाणी मी बाग काढण्याआधी दहा दिवस बंद केले होते.

उत्तर ३ (अमळनेर तालुका, कृषी अभियांत्रिकीचे शिक्षण, आता शेती)

मला वाटते की खरा प्रश्न येथेच आहे. काळी माती धातूला किती चिकटेल हे तिच्या रंगापेक्षा त्या दिवशीच्या ओलीवर ठरते. माती कोरडी असताना ती धातूवर घसरते, खूप पातळ चिखल असतानाही घसरते, पण दोन्हींच्या मध्ये, पाण्याचा पातळ थर चिकणमातीच्या कणांना पत्र्याशी धरून ठेवतो त्या अवस्थेत, चिकटण्याची ताकद सर्वांत जास्त असते. ही ताकद मातीच्या आतल्या पकडीपेक्षा जास्त झाली की माती पत्र्यावर थांबते आणि त्यानंतरची माती पत्र्यावरून न सरकता मातीवरून सरकते. तुम्हाला जाणवलेले ओझे यामुळेच होते. पट्टीचा मोल्डबोर्ड संपर्क कमी करून ही ताकद कमी करतो, पण ओल जास्त असेल तर तोही एका मर्यादेपर्यंतच साथ देतो.

केळीच्या ठिबक शेतात ओल सारखी नसते, हेही ध्यानात घ्यावे. नळीच्या कडेचा पट्टा खोलवर ओला असतो आणि दोन ओळींमधली जागा बऱ्यापैकी वाळलेली असते. ओळींच्या दिशेने नांगरले की एक संपूर्ण तास ओल्या पट्ट्यातून जाते आणि पत्रा मातीने भरतो. आम्ही खोडे व गड्डे काढून झाल्यावर ओळींना आडवे नांगरतो, म्हणजे प्रत्येक थोड्या अंतरावर कोरडी माती येते आणि पत्रा आपोआप घासला जातो. दहा दिवस खोल काळ्या जमिनीसाठी पुरेसे नव्हते. पृष्ठभाग सुकलेला दिसतो, पण ९ ते १० इंचांवर ओल तशीच असते.

म्हणून वाफसा (नांगरटीजोगी ओल) वरच्या मातीवरून न पाहता, नांगराच्या खोलीवरून मूठभर माती काढून पाहावी. ती तळहातांमध्ये वळली असता ३ मिलिमीटर जाडीची अखंड वळी होत असेल तर थांबावे, आणि वळी त्याआधीच तुटून भुगा होत असेल तर नांगरावे. ओल्या अवस्थेत नांगरलेल्या काळ्या जमिनीचा तळ चोपडा आणि कठीण होतो, वरची ढेकळे उन्हात विटेसारखी भाजतात, आणि हे नुकसान कोणताही मोल्डबोर्ड टाळू शकत नाही.

उत्तर १ (शहादा तालुका)

वळीची ही परीक्षा आमच्याकडे वडीलधारे करत असत, ती मी विसरलो होतो. आडव्या नांगरटीचा विचार करण्याजोगा आहे.

उत्तर ४ (रावेर तालुका)

माझे मत थोडक्यात असे आहे. तुमची मोठी नांगरट मार्च-एप्रिलमध्ये, वाळलेल्या जमिनीत होत असेल आणि जानेवारीचे काम केवळ एखाद्या बागेपुरते असेल, तर अखंड पत्र्याचा नांगर स्वच्छ ठेवून ओल पाहून चालवणे पुरे आहे. दर वर्षी हिवाळ्यातच पीक काढून लगेच नांगरायचे असेल तर पट्टीचा घ्यावा. बरड जमिनीसाठी पट्टीच्या सुट्या पट्ट्या तालुक्याच्या गावी सहज मिळतात की नाही, हे नांगर घेण्याआधी पाहावे, कारण ऐन हंगामात एका पट्टीसाठी नांगर आठवडाभर उभा राहिलेला मी स्वतः अनुभवला आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. हिशोब करून पाहिला, तर ९ एकर काळ्या जमिनीपैकी दर वर्षी ४ ते ५ एकर हिवाळ्यात मोकळी होते आणि तिथेच उन्हाळी भुईमूग घ्यायचा असल्याने थांबायला वेळ नसतो. बाकीची सर्व नांगरट एप्रिलमध्ये होते. म्हणून सध्याचा अखंड पत्र्याचा नांगर बरड आणि उन्हाळी नांगरटीसाठी ठेवायचा, त्याला धुऊन ग्रीस लावून छपराखाली घ्यायचा, आणि हिवाळी कामासाठी आमच्या भाऊबंदांपैकी ज्यांच्याकडे पट्टीचा नांगर आहे त्यांच्याकडून या जानेवारीत दोन दिवसांसाठी घेऊन तो चालवून पाहायचा, असे काकांशी बोलून ठरवले आहे. ठिबक या वेळी तीन आठवडे आधी बंद करून, नांगराच्या खोलीवरची वळी पाहूनच सुरुवात करेन, आणि एकाच शेतात अर्ध्या भागात उभी व अर्ध्या भागात आडवी नांगरट करून प्रत्येक तासानंतर पत्र्यावर किती माती राहते ते लिहून ठेवीन.