पूर्व समोर, मग 'पूर्वी' मागे कसं?

गॅलरीतली तुळस: लेक तिसरीत आहे. काल सकाळी गॅलरीत उभं करून दिशा पाठ करून घेतल्या. उगवत्या सूर्याकडे तोंड, समोर पूर्व, पाठीशी पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण. मग दात घासता घासता विचारतो, "आई, पूर्व समोर ना? मग 'पूर्वी' म्हणजे मागे कसं?" फेस त्याच्या तोंडात, वाचा बसली माझी. मराठी घेऊन एम.ए. केलंय हो! सांगा कुणीतरी.

दगडूशास्त्री: संस्कृतात 'पूर्व' म्हणजे समोरचा, पूर्वेकडचा आणि आधीचाही. सूर्याकडे तोंड करून उभ्या माणसाच्या अंगावरून दिशा ठरल्या. दक्षिण म्हणजे उजवा. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवतो तो याच शब्दातून. आता तिकिटाची रांग आठवा. तुमच्या समोरचा खिडकीशी आधी पोचतो, म्हणून समोरचा तो आधीचा. 'मागे एकदा' म्हणताना मात्र आपण वाट चालत असतो, गेलेले दिवस पाठीशी पडत जातात.

चहाबाज: शास्त्रीबुवा, दवाखान्यातली बाई "पुढचा पेशंट!" ओरडते तेव्हा उठतो तो नंतरचाच की!

दगडूशास्त्री: ते वाटचालीतलं 'पुढे'. पुढचं वळण, पुढचा आठवडा, तसा पुढचा पेशंट.

चहाबाज: बरं. पण इंग्रजीत हे दोन्ही एकाच शब्दात घुसतं. आमच्या ऑफिसात बुधवारची मीटिंग दोन दिवस 'फॉरवर्ड' केली. मी शुक्रवारी फाइल घेऊन हजर, ती सोमवारीच उरकलेली. 'पुढे ढकलली' म्हटलं असतं तर घोळच नव्हता. नेमका हाच प्रश्न बोरोडित्स्की आणि रॅम्स्कर या संशोधकांनी विमानतळावर लोकांना विचारला होता (२००२). नुकतेच विमानातून उतरलेले जास्त करून शुक्रवार म्हणाले, घ्यायला आलेले तितके नाही. म्हणजे मी एकटा नाही!

डोंगरवाटा: अँडीज पर्वतातल्या आयमारा भाषेत 'नायरा' म्हणजे डोळा, समोर आणि भूतकाळ. तिथली म्हातारी माणसं जुन्या गोष्टी सांगताना हात समोर नेतात, उद्याबद्दल बोलताना खांद्यावरून मागे. नून्येझ आणि स्वीट्सर या अभ्यासकांनी २००६ साली हे मांडलं. घडलेलं दिसलेलं असतं. उद्याचं कोणी पाहिलंय?

गॅलरीतली तुळस: सगळं वाचून दाखवलं. रांग समजली, पण आवडले आयमारा. संध्याकाळभर "मी उद्याकडे चाललोय" म्हणत गॅलरीत उलटा चालत होता. कुंडीवर आपटला. ढोपराला हळद लावलीय.