चर्च बंद, थैली रिकामी: लाइव्ह मिस्सेत दान मागायचं का?

हिशेबवही (मे २०२०)

नमस्कार मंडळी. प्रश्न पैशाचा आहे, आणि चर्चमध्ये पैशाचा विषय निघाला की सगळेच खाली बघतात, म्हणून इथे विचारतेय.

मी आमच्या कॅथलिक धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या लोकांच्या) अर्थसमितीवर आहे. म्हणजे रविवारी दुसरी मिस्सा (वेदीवरची उपासना) संपली की सॅक्रिस्टीतल्या, वेदीच्या तयारीच्या खोलीतल्या, टेबलावर थैल्या उलट्या करायच्या, चुरगळलेल्या नोटा सरळ करायच्या, नाण्यांच्या चळती लावायच्या आणि दोघांच्या सह्या घेऊन वहीत आकडा टाकायचा. मार्चमध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत चर्चचं दार बंद झालं, तेव्हापासून त्या रकान्यात नुसत्या आडव्या रेघा आहेत.

खर्चाला कुलूप लागलेलं नाही. वेदीची तयारी बघणाऱ्या सॅक्रिस्टनचा पगार आहे, झाडलोट करणाऱ्या बाईंचा आहे, विजेचं बिल कमी आलं तरी येतंच. ऑर्गन वाजवणारे काका तर पगारावर नाहीतच. लग्नं, अंत्यविधी, सणाच्या मिस्सा यांवर त्यांचं घर चालतं. आता लग्नं नाहीत आणि अंत्यविधीला संगीत नाही.

फादर रोज सकाळी रिकाम्या चर्चमध्ये मिस्सा करतात, रविवारची फोनवरून लाइव्ह जाते. तरुण मंडळी म्हणतात, अर्पणगीत सुरू झालं की पडद्यावर क्यूआर कोड दाखवायचा, थैली फिरायची वेळ तीच ना! फादर साफ नाही म्हणाले. ‘मी वेदीवर भाकर उचलून धरलीय आणि खाली पट्टीवर खाते क्रमांक? मला जमायचं नाही.’ मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

त्यात छताचा निधी. छत गळतं म्हणून दोन वर्षं गोळा केलेले पैसे बँकेत पडून आहेत आणि काम तर आता होत नाही. समितीतले एक जण म्हणतात, त्यातून पगार भागवू, मग सावकाश भरून काढू. आणि लोक अर्पण देऊन आपल्या माणसांसाठी मिस्सा सांगतात, ती मिस्सांची वही जूनपर्यंत भरलेली आहे. काहींनी फोन करून विचारलं, आमची मिस्सा झालीच नाही, तर दिलेलं अर्पण परत मिळेल का?

हे सगळं निभेल. मला छळतंय ते वेगळंच. दर महिन्याला पाकीट देणाऱ्या घरांची आमच्याकडे यादी असते. त्यातल्या एकाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, फादरांची तब्येत विचारली, मिस्सेचा आवाज मध्ये मध्ये जातो म्हणाला. मग म्हणाला, ‘ते शिधा वाटताय ना, त्यात नाव कसं घालायचं?’ कोणाचं, विचारलं तर गप्प. यादीत त्याच्या नावापुढचे दोन रकाने रिकामे आहेत, आणि आमच्या पद्धतीप्रमाणे मी त्याला आठवणीचा फोन करायचाय! तुमच्याकडे काय करताय?

जुना_वेदीसेवक

छताचं आधी सांगतो, कारण तिथे वादाला जागाच नाही. चर्चच्या कायद्यातला नियम, म्हणजे कॅनन, १२६७, तिसरं कलम: लोकांनी ज्या कारणासाठी दिलं, त्याच कारणासाठी वापरायचं. ‘सावकाश भरून काढू’ ही सोय त्यात नाही. मी धर्मप्रांताच्या कचेरीत बरीच वर्षं कारकुनी केली. तात्पुरती म्हणून उचललेली रक्कम नव्या समितीला ‘जुनी बाब’ म्हणून सापडते आणि तोवर ज्यांनी उचलली ते निवृत्त झालेले असतात. अगदीच नड असेल तर छतासाठी ज्यांनी दिलं त्यांना विचारा, बिशप कार्यालयाला लिहा, आणि लेखी उत्तर येईपर्यंत हात लावू नका.

सॅक्रिस्टनचा पगार ही मात्र दयेची बाब नाही. कॅनन १२८६ सांगतं की चर्चने कामगार कायदे पाळायचे आणि माणसाचं आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचं भागेल इतकं वेतन द्यायचं. ‘या काळात सेवा समजून करा’ हे वाक्य कोणी समितीत काढलं, तर त्याला हा क्रमांक दाखवा.

मिस्सांचं. दार बंद होतं म्हणजे मिस्सा झाली नाही, असं कुठे आहे? फादर रोज करतायत, तर वहीतला एकेक उद्देश, म्हणजे कोणासाठी मिस्सा सांगितली ते, रोज घेता येतो. एका अर्पणाला एक मिस्सा (९४८), आणि रविवारची एक मिस्सा सगळ्या धर्मग्रामासाठी ठेवायची (५३४). रविवारी तीनाच्या जागी एकच मिस्सा होत असेल तर वही मागे पडणार, ते साहजिक आहे. पण वर्षभरात पुऱ्या करता येतील त्याहून जास्त मिस्सा एका धर्मगुरूने स्वतःकडे घ्यायच्या नसतात (९५३), म्हणून सध्या नवीन नोंदी जपून घ्या. फोन करणाऱ्यांना तारीख सांगा. ‘गुरुवारी सकाळी सातला तुमच्या वडिलांसाठी मिस्सा आहे, घरी मेणबत्ती लावा.’ एवढ्यावर बहुतेक जण शांत होतात. तरीही कोणी पैसे मागितलेच तर मुकाट्याने द्या. हल्ली कोणी हौसेने परत मागत नाही.

सरळ_बोलतो

राग मानू नका. ख्रिस्तप्रसाद नाही, पापनिवेदन नाही, बाप्तिस्मे पुढे ढकललेले, मिस्सा मोबाइलवर बघायची. मग पाकीट कशाचं? आणि एवढी अडचण असेल तर रोममध्ये काय कमी आहे, तिथून का येत नाही? गरिबाला देतो आम्ही, शेजारच्या घरी देतो, त्यासाठी चर्चची वही कशाला?

हिशेबवही

राग नाही आला. रोमचं म्हणाल तर पैसा धर्मग्रामाकडून तिकडे जातो, तिकडून आमच्या सॅक्रिस्टनचा पगार कधीच आला नाही. आणि या वर्षी रोमचीही थैली फिरलेली नाही. गुड फ्रायडेला पवित्र भूमीसाठी जे दान गोळा होतं ते १३ सप्टेंबरवर नेलंय, आणि जूनअखेरीस संत पेत्राच्या नावाने पोपसाठी होणारं संकलन ४ ऑक्टोबरवर. म्हणजे चर्च बंद असताना मागायचं कसं, हा प्रश्न त्यांनाही पडला आणि त्यांनी थांबायचं ठरवलं. आम्हाला थांबता येत नाही, कारण पगार एक तारखेला द्यायचा असतो.

शेजारच्या घरी देता ते द्याच, तेही दानच आहे. पण शेजारच्या घरी काय शिजत नाही हे तुम्हाला दिसतं. ज्यांचं कोणालाच दिसत नाही, ते फादरांना फोन करतात.

तुमचा एक मुद्दा मात्र मला टोचला. मिस्सा ‘बघण्याचे’ पैसे मागतोय असं वाटता कामा नये. कोडाचं मला नेमकं तेच भय वाटतं.

पडद्यामागचा

आमच्याकडचं लाइव्ह मी सांभाळतो. २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात, व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात एकटे उभे राहिलेले पाहिल्यापासून सगळ्यांना वाटतं आपलंही तसंच दिसावं. आमच्याकडे प्रार्थनापुस्तकांच्या चळतीला टेकवलेला एक फोन आहे. पवित्र सप्ताहासाठी रोमहून २५ मार्चला सूचना आल्या, त्यात प्रक्षेपण थेटच करा, आधी रेकॉर्ड केलेलं नको, असं होतं. तेव्हापासून आम्ही थेटच करतो, आणि नेट नेमकं शुभवर्तमानाला जातं.

कोडाचा अनुभव सांगतो. आम्ही एका रविवारी तो अर्पणाच्या वेळी दाखवला. लोक त्याच फोनवर मिस्सा बघत होते, तर स्कॅन कशाने करणार? खाली गप्पांच्या रकान्यात धडाधड यायला लागलं: ‘होत नाहीये’, ‘नंबर पाठवा’, ‘कोणाच्या नावाने आहे खातं?’ आणि वर फादर ‘हे माझं शरीर आहे’ म्हणतायत. माझा घाम निघाला. तुमचे फादर बरोबर बोलतायत.

आणि नियमही त्यांच्याच बाजूने आहे. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये, क्रमांक ७३, लोकांनी आणलेले पैसे वेदीपासून बाजूला, योग्य जागी ठेवायला सांगितलंय. चर्चमध्ये आपण ते पाळतो, मग पडद्यावर पैसे वेदीच्या अंगावर कशाला आणायचे? आता आम्ही शेवटचा आशीर्वाद, शेवटचं गीत, आणि मग एक साधी पाटी दाखवतो: खाते क्रमांक, कार्यालयाचा फोन, संपलं. ज्याला द्यायचंय तो थांबतो. ज्याला नाही त्याने एव्हाना बंद केलेलं असतं, आणि त्याचं त्याला अवघडल्यासारखं होत नाही.

तिसऱ्या_बाकावरची

(आजी सांगतायत, नातू टाइप करतोय.)

अगं बाळ, तुमचं ते कोड की काय, ते मला येत नाही आणि शिकायचंही नाही. मी आपली रविवारी मिस्सा लागायच्या आधी डब्यात टाकते. डब्याला आतून कागद लावलाय, नाणं पडलं की आवाज नको. संत पौलाने करिंथच्या लोकांना हेच लिहिलंय, पहिल्या पत्राचा सोळावा अध्याय काढून बघ: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे स्वतःजवळ बाजूला ठेवावं, मी आल्यावर वर्गणी गोळा करायला लागू नये. तेव्हा कुठे होती थैली?

आमचा प्रश्न निराळा आहे. डबा नेणार कोण? पोरं म्हणतात बाहेर पडायचं नाही. पाकिटावर नाव लिहून ठेवलंय, पण फोन कोणाला करायचा ते माहीत नाही. लाइव्हवर तरुणांसाठी सगळं सांगतात, म्हाताऱ्यांसाठी एक नंबरसुद्धा मोठ्या अक्षरात लावत नाहीत. आणि त्या माणसाला आठवणीचा फोन बिलकूल करू नकोस. त्याने ज्या तोंडाने विचारलं ते त्याचं त्याला ठाऊक.

जुना_वेदीसेवक

आजींशी सहमत. कॅनन २२२ सगळे पहिल्या कलमापर्यंतच वाचतात: श्रद्धावंतांनी चर्चच्या गरजा भागवायच्या. खाली दुसरं कलम आहे, आपल्या मिळकतीतून गरिबांना मदत करायची. दोन्ही एकाच जागी लिहिलंय, उगीच नाही. आणि इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिनने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय, ते पाहा. ज्यांना परवडतं ते आपल्या इच्छेने देतात. जमलेलं प्रमुखाकडे जातं, आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परगावाहून आलेले यांचं बघतो. त्या वर्णनात छताचा उल्लेख नाही. (छत दुरुस्त करा, मी विरोधात नाही.)

हिशेबवही

सगळ्यांचे आभार. काल समितीची बैठक फोनवर झाली, निम्मा वेळ ‘आवाज येतोय का’ यात गेला. ठरलं ते सांगते.

आठवणीचे फोन बंद. यादी माझ्या कपाटात राहील, चर्च उघडेपर्यंत तिच्यात कोणी डोकावायचं नाही. एक जण म्हणाले, मग नियमित देणाऱ्यांना शिस्त राहणार नाही. फादर म्हणाले, शिस्त राहिली नाही तर राहिली नाही.

छताला हात नाही. खर्चाचं एक पान काढतोय: महिन्याला कोणाकोणाचा पगार, बिलं किती, शिध्यावर किती गेलं, आलं किती आणि तूट किती. फादर ते आशीर्वादानंतर वाचून दाखवतील, आवाहन वगैरे काही न करता. लोकांना हिशेब द्यायचा हे कॅनन १२८७ मध्येही आहे, पण आजवर आम्ही तो वर्षातून एकदा सूचनाफलकावर लावायचो, घंटेच्या दोरीमागे, जिथे फक्त वेदीसेवक उभे राहतात.

फोनचा नंबर एकच ठेवलाय. पाकीट द्यायचं असेल तरी तोच, मदत हवी असेल तरी तोच, आणि उचलणार मी. म्हणजे माझ्याशी कोण बोलतंय हे घरात कोणी ऐकलं, तरी कशासाठी ते कळणार नाही. त्या गृहस्थांना मीच फोन केला. नाव घालायला सांगितलं नाही, पत्ता तोच आहे ना एवढंच विचारलं.

आजी, नंबर पुढच्या रविवारपासून पडद्यावर मोठ्या अक्षरात येईल. पाकिटं शनिवारी गोळा करू, दाराबाहेरच्या खुर्चीवर ठेवा, आत कोणी येणार नाही.

ऑर्गनवाल्या काकांचं मात्र अडलंय. ते पगारावर नाहीत, म्हणून पगारात बसत नाहीत. शिधा देऊ केला तर म्हणाले, ‘माझ्यापेक्षा गरजू असतील.’ काय करावं?

पडद्यामागचा

त्यांना लाइव्हला वाजवायला बोलवा आणि त्याचं मानधन द्या. एकटा माणूस, वर गॅलरीत, फादरांपासून लांब. परवानगी मिळत असेल तर हरकत नसावी. नाहीतर घरून रेकॉर्ड करून पाठवू देत, शेवटच्या गीताला लावू. मिस्सा संपल्यावर वाजवलेलं रेकॉर्ड केलेलं चालतं.

आणि पाकिटं मोजताना दोघं लागतात ना? आम्ही दुसऱ्याला व्हिडिओ कॉलवर बसवतो. एक जण कॅमेऱ्यासमोर मोजतो, दुसरा आकडा वाचून आपल्याकडच्या वहीत लिहितो, सही नंतर. फोन उंच ठेवा, नाहीतर नोटांऐवजी तुमची हनुवटी दिसते.

हिशेबवही

मानधनाचं फादरांना विचारते. फोन प्रार्थनापुस्तकांच्या चळतीवर ठेवू ना?

पडद्यामागचा

नको, घसरतो. जाड शब्दकोश घ्या.