नायजरमधल्या धडधाकट मुलांना अझिथ्रोमायसिन : सगळ्यांना द्या, नाहीतर कुणालाच नको

आकडेमोड्या (धागाकर्ता)

आपल्याकडे घसा दुखला की मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय हातावर ठेवतो ती तीन गोळ्यांची पट्टी, तेच हे अझिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये हेच औषध आजारी नसलेल्या मुलांना, गावच्या गाव धरून, दर सहा महिन्यांनी एकदा पाजलं तर मृत्यू कमी होतात, हे आता दोन मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. सध्याची भांडणं आहेत ती कोणत्या वयाला द्यायचं यावर. माझं मत आधीच सांगून टाकतो : १ ते ५९ महिन्यांच्या सगळ्या मुलांना द्यावं, आणि ते झेपत नसेल तर मोहीम काढूच नये. फक्त तान्ह्यांना द्यायचा मधला मार्ग सगळ्यात वाईट.

पार्श्वभूमी थोडक्यात. पहिली चाचणी मॉर्डोर, निकाल २०१८ चा. नायजर, मलावी आणि टांझानियातल्या १५३३ वस्त्या, दोन वर्षांत चार फेऱ्या. कुठल्या वस्तीत औषध आणि कुठे प्लासिबो (दिसायला तसंच, पण आत औषध नसलेलं) हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं. तिन्ही देश मिळून मृत्यू १३.५ टक्क्यांनी कमी, एकट्या नायजरमध्ये १८.१ टक्क्यांनी. १ ते ५ महिन्यांच्या बाळांत फरक जवळपास २५ टक्के. याच शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं की द्यायचंच तर १ ते ११ महिन्यांच्या बाळांनाच द्या, आणि तेही हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू ६० च्या वर किंवा पाच वर्षांखालचे मृत्यू ८० च्या वर असतील तिथेच. हेतू असा की औषध कमी वापरलं जावं आणि जंतू कमी निर्ढावावेत.

हा हिशोब खरा आहे का, हे तपासायला अव्हेनिर ही चाचणी झाली. नायजरमधली सुमारे ३००० गावं, ३,८२,५८६ मुलं, निकाल २०२४ चा. तीन गट होते : सगळ्या मुलांना औषध, फक्त तान्ह्यांना औषध, आणि सगळ्यांना प्लासिबो. पहिल्या गटात हजार बालवर्षांमागे ११.९ मृत्यू, प्लासिबोत १३.९, म्हणजे १४ टक्के कमी. (बालवर्ष म्हणजे एका मुलावर एक वर्ष लक्ष.) फक्त तान्ह्यांना दिलं तिथे तान्ह्यांचे मृत्यू २२.३ आणि प्लासिबोत २३.९. हा ६ टक्क्यांचा फरक योगायोगानंही पडू शकतो. उलट सगळ्यांना औषध मिळालेल्या गावांतली तान्ही मुलं जास्त वाचली. तान्ह्याला जंतू देतं कोण? कडेवर घेऊन फिरणारं तीन वर्षांचं भावंड. त्याच्या घशात आणि आतड्यात जंतू तसेच ठेवून तान्ह्याला पाजण्यात काय हशील?

---

जिवाणूशाळा

असहमत. तुमचा धागा मृत्यूंचा हिशोब मांडतो आणि किंमत सांगायची विसरतो.

मॉर्डोरच्याच जोडीनं नायजरमधल्या ३० गावांत मुलांच्या नाकाघशाचे नमुने घेतले होते. दोन वर्षांनी औषधाच्या गावांत न्यूमोकोकसपैकी (न्यूमोनिया करणारा एक जंतू) १२.३ टक्के मॅक्रोलाइडला दाद न देणारे निघाले, प्लासिबोच्या गावांत २.९ टक्के. (अझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन हे सगळे मॅक्रोलाइड.) चार वर्षांनी विष्ठेच्या नमुन्यांत या प्रतिकाराची जनुकं साडेसात पट होती. आणि तेवढ्यावर भागलं नाही. बीटा-लॅक्टम, म्हणजे अमॉक्सिसिलिन ज्या कुळातलं आहे त्या औषधांविरुद्धची जनुकंही वाढलेली दिसली.

असं का होतं तेही पाहा. अझिथ्रोमायसिनचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे ६८ तास. एका डोसाचं शेपूट शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं. या शेपटात औषधाची पातळी जंतू मारण्याइतकी नसते, पण नाजूक जंतूंना मागे सारून चिवटांना जागा करून देण्याइतकी असते. शिवाय एर्म नावाचं प्रतिकाराचं जनुक आलं की क्लिंडामायसिन हे वेगळं अँटिबायोटिकही हातचं जातं. आतड्यातल्या ई. कोलाय जंतूमधलं एम-पी-एच-ए हे जनुक बऱ्याचदा अशा प्लाझमिडवर (एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकणारं डीएनएचं कडं) बसतं, ज्यावर आणखी चार औषधांची जनुकं आधीच असतात. एकाची निवड केलीत की सगळं बिऱ्हाड येतं.

आपल्या बाजूचं उदाहरण द्यायचं तर पाकिस्तानात २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइडवर तोंडानं घ्यायचं एकच भरवशाचं औषध उरलं, ते हेच. बांगलादेशात २०१९ मध्ये टायफॉइडच्या जंतूत त्यालाही चकवणारं उत्परिवर्तन सापडलं. आणि हे औषध तुम्ही न मागणाऱ्याला वाटताय.

---

आकडेमोड्या

आकडे बरोबर आहेत, मान्य. पण नाकात चिवट जंतू सापडणं आणि मूल औषधाला दाद न देता मरणं यांत अंतर आहे. प्रतिकारामुळे परिणाम विरत गेला असता तर तिसऱ्या वर्षी दिसलं असतं. नायजरमध्ये मॉर्डोर एक वर्ष पुढे चालवली, तेव्हा परिणाम कमी झाल्याचं दिसलं नाही. आधी प्लासिबो मिळालेल्या गावांनाही त्या वर्षी औषध दिलं आणि तिथले मृत्यू १३ टक्क्यांच्या आसपास उतरले.

बीटा-लॅक्टमचा मुद्दा मात्र जड आहे. तो मी झटकत नाही.

---

खुपरीवाला

दोघेही कागदावर भांडताय. थोडं बाटलीबद्दल.

हे औषध वाटायची पद्धत खुपरीच्या (ट्रॅकोमा, पापण्यांच्या आतला जंतुसंसर्ग) मोहिमांतून आली. इथिओपियात खुपरीसाठी वाटप झालं त्या गावांत मुलांचे मृत्यू कमी दिसले, तिथूनच मॉर्डोरची कल्पना निघाली. १२०० मिलिग्रॅम पावडरची बाटली, त्यात १५ मिली स्वच्छ पाणी, की ३० मिली पातळ औषध होतं, ५ मिलीत २०० मिलिग्रॅम. डोस किलोमागे २० मिलिग्रॅम. म्हणजे ४ किलोच्या बाळाला २ मिली, १० किलोच्या मुलाला ५ मिली. उभं राहू शकणाऱ्या मुलाला वजनकाट्याची गरज नाही, उंचीची पट्टी लावली की तिच्यावरच मिली वाचता येतात. तान्ह्याला मात्र तोलावंच लागतं.

बिघडतं कुठे? पाणी घालण्याआधी बाटली ठोकून पावडर सुटी केली नाही तर तळाला गोळा बसतो. प्रत्येक वेळी हलवली नाही तर पहिल्या मुलाला नुसतं गोड पाणी आणि शेवटच्याला जास्त औषध. घाईत मिलिग्रॅमचा आकडा मिली म्हणून वाचला जातो. रडणाऱ्या मुलाला नाक दाबून पाजलं तर औषध श्वासनलिकेत जातं. म्हणून मूल उभं धरायचं, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं. आणि रडतंच असेल तर पुढची चार घरं करून परत यायचं. हा शेवटचा नियम फेरीला लागणारे दिवस वाढवतो, त्यामुळे सगळ्यात आधी तोच मोडला जातो.

मॉर्डोरमध्ये एक महिन्याच्या आतल्या आणि ३.८ किलोखालच्या बाळांना वगळलं होतं. पहिल्या आठवड्यांत मॅक्रोलाइड दिलं तर जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन बाळ दूध जोरात उलटतं आणि शस्त्रक्रियेवर पाळी येते, अशी भीती असते. आता गंमत बघा : 'फक्त १ ते ११ महिने' म्हटलं की फेरीत नेमकं सगळ्यात अवघड वय उरतं. वजन करावं लागणारं, जन्मतारीख नक्की नसलेलं, आईसोबत माहेरी गेलेलं. मोठ्यांना सोबत घेतलं तर अंगणात पट्टी लावून पटापट होतं. धागाकर्त्याच्या बाजूनं हा एक मुद्दा माझ्याकडून.

---

श्वासमोजणी

मला तिसरंच म्हणायचं आहे. धडधाकट हजारांना पाजण्याऐवजी आजारी पन्नासांना वेळेवर का देत नाही?

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी हे करून दाखवलेलं आहे. गावातलेच आरोग्यसेवक आणि सुईणी श्वास मोजायच्या आणि न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायच्या. निकाल १९९० मध्ये छापून आला. न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी. ज्या सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची चौकट केली होती. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत ठरलेला मणी ओलांडला की औषध.

आजचा नियम तसाच सोपा आहे. २ ते ११ महिन्यांत मिनिटाला ५० किंवा जास्त, १२ ते ५९ महिन्यांत ४० किंवा जास्त श्वास. अमॉक्सिसिलिनची २५० मिलिग्रॅमची पाण्यात विरघळणारी गोळी, लहानांना सकाळ-संध्याकाळ एक, मोठ्यांना दोन, पाच दिवस. छाती आत ओढली जात असेल, पिणं बंद असेल, झटके येत असतील तर थेट दवाखाना. इथे ज्याला औषध मिळतं त्याला कारण असतं. चिवट जंतू यातही निपजतील, पण निदान मुलाच्या आजाराच्या बदल्यात.

---

आकडेमोड्या

श्वासमोजणी, गडचिरोलीचं काम मोठंच आहे. पण त्याचा कणा म्हणजे गावात कायम राहणारं माणूस. रात्री दोनला मूल धापा टाकायला लागलं तर दार ठोठवायला कुणीतरी हवं, त्याच्या पेटीत गोळ्या हव्यात आणि ती पेटी दर महिन्याला भरली जायला हवी. नायजरमध्ये कित्येक वस्त्यांपासून आरोग्यकेंद्र चालत काही तासांवर आहे. वर्षातून दोन फेऱ्या करणारी टोळी तिथे पोचते, बारमाही आरोग्यसेवक पोचत नाही. म्हणून दुसरी पद्धत उभी राहीपर्यंत पहिली. एकीमुळे दुसरी अडते असं कुठे आहे?

---

जिवाणूशाळा

अडते. पैसा एकाच खिशातून जातो.

आणि 'उभी राहीपर्यंत' हा शब्द फार स्वस्तात वापरलात. खुपरीच्या मोहिमेला थांबायची अट आहे : १ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पापण्या उलटून पाहायच्या, सक्रिय खुपरी ५ टक्क्यांखाली गेली की वाटप बंद. इथे पापणी कुठली उलटणार?

तुमच्याच आकड्यांवरून बेरीज करतो. मॉर्डोरच्या वेळी नायजरमध्ये प्लासिबोच्या गावांत हजार बालवर्षांमागे २७.५ मृत्यू, औषधाच्या गावांत २२.५. पाच जीव, दोन हजार डोस. एका जिवामागे ४००. अव्हेनिरमध्ये फरक दोनाचा, म्हणजे एका जिवामागे हजार. भाग वेगळा, वर्षं वेगळी, मान्य. पण मृत्युदर उतरला की त्याच जिवासाठी जास्त औषध सांडावं लागतं, एवढं दिसतं. मलावीत ९.६ वरून ९.१, म्हणजे अर्धा जीव. चार हजार डोस एकामागे. फायदा पातळ होत जातो, प्रतिकार तेवढाच दाट राहतो.

शिवाय शेजारच्या देशांचे निकाल कुणी काढलेच नाहीत. बुर्किना फासोत हूंदे आणि मालीत बूगूनी इथे पावसाळ्यातल्या मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांसोबत अझिथ्रोमायसिन दिलं. मृत्यू आणि दवाखान्यात भरती होण्यात फरक शून्याजवळ. बुर्किना फासोतच ८ ते २७ दिवसांच्या २१,८३२ नवजातांना अझिथ्रोमायसिनचा किंवा प्लासिबोचा एकेक डोस दिला, सहा महिन्यांच्या मृत्यूंत फरक नाही. तिथल्याच नूना भागातल्या ३४१ वस्त्यांच्या चाचणीत औषधाच्या वस्त्यांत मृत्यू १८ टक्के कमी दिसले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो निकाल उतरला नाही.

---

आकडेमोड्या

नूनाचा निकाल माझ्याच बाजूला झुकतो की. १८ टक्के हा नायजरचाच आकडा आहे, फक्त मुलं कमी असल्यानं खात्री कमी. हूंदे-बूगूनीत चाचणीतल्या प्रत्येक मुलाला पावसाळ्यात दर महिन्याला मलेरियाच्या गोळ्या मिळत होत्या. मृत्यू आधीच खाली आले होते. त्यातून निष्कर्ष काढायचा तर असा निघतो की जिथे मलेरियाच्या गोळ्या नीट पोचतात तिथे अझिथ्रोमायसिन वाटू नये. हा मला पटतो. नवजातांचा निकाल त्या वयाला लागू, पुढच्या नाही.

थांबायच्या अटीबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात. हजार डोसांना एक जीव ही वेस धरावी असं मला वाटतं. त्याच्या पलीकडे गेलं की बंद.

---

पायवाट

एक शंका. २०१८ ला जीव वाचतात हे कळल्यावर पुन्हा हजार गावांना प्लासिबो देणं कुठल्या नीतीत बसतं?

---

खुपरीवाला

पायवाट, प्रश्न रास्त आहे. तेव्हा अधिकृत सूचना फक्त तान्ह्यांची होती आणि ती बरोबर की चूक हे कुणालाच माहीत नव्हतं. अव्हेनिरमध्ये एक सोय केली होती : चाचणी चालू असतानाच ज्या गटात मृत्यू कमी दिसतात त्या गटात पुढची जास्त गावं घालायची. शेवटी सगळ्यांना औषध मिळालेली गावं १२७३, प्लासिबोची ९५४, फक्त तान्ह्यांची ७७३. पूर्ण समाधान होणार नाही, पण काटा कुठे झुकला ते दिसतं.

आकडेमोड्या, तुमची हजाराची वेस ऐकायला छान आहे. ती मोजणार कोण? चाचणीत दर सहा महिन्यांनी टोळी घरोघर जाऊन यादी करायची : मागच्या खेपेला नोंदलेलं मूल आहे, गाव सोडून गेलं, की वारलं. चाचणी संपली की यादीही संपते. सरकारी फेरीत मोजतात ते बाटल्या किती गेल्या. फुलानी गुराखी पावसाळ्यात गुरांमागे उत्तरेला गेलेले असतात, त्यांची मुलं पाजणाऱ्यांच्या यादीत नसतात आणि मेलेल्यांच्याही नसतात. तुलनेला प्लासिबोचं गाव उरत नाही, त्यामुळे एका जिवामागे डोस किती हा भागाकार करताच येत नाही. फार तर प्रत्येक जिल्ह्यात पंधरा-वीस गावं राखून तिथे सहामाही यादी आणि वर्षाला एकदा मुलांच्या नाकाचे नमुने एवढं बांधून घेता येईल. त्या नमुन्यांना प्रयोगशाळेपर्यंत थंड पेटी लागते.

---

जिवाणूशाळा

ही राखीव गावं आणि ती थंड पेटी मोहिमेच्या मंजुरीतच, पहिल्या बाटलीच्या आधी लिहिलेली असतील, तर १ ते ५९ महिन्यांना माझा विरोध नाही. फक्त तान्ह्यांना देण्याला तरीही आहे. तिथे तुमच्याशी सहमत.