मदत हवी आहे: कानात चिकट पाणी, आधी ट्यूब टाकावी की सिलियाची तपासणी करावी?

शेंडेफळ_सांगली

नमस्कार मंडळी. मुलगा साडेपाच वर्षांचा, यंदा पहिलीत जाणार. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं की मागून हाक मारली तर वळून बघत नाही. घरी टीव्हीला नाक लावून बसायचा, आम्ही 'बहिरोबा' म्हणून चिडवायचो. आता त्याची लाज वाटते.

ईएनटीकडे नेलं. ताप नाही, ठणका नाही, पडदे शाबूत, पण दोन्ही पडद्यांमागे चिकट पाणी साठलंय. टिंपॅनोग्राम, म्हणजे पडदा हलतो का ते बघणारी तपासणी, सपाट आला. ऐकण्याच्या तपासणीत ३५ डेसिबल, म्हणजे हळू बोललेलं निसटतं. तीन महिने वाट पाहू म्हणाले, पाहिली. जैसे थे. आता दोन्ही कानांत ग्रोमेट, म्हणजे बारीक ट्यूब, टाकायची म्हणतात.

तेवढ्यात आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "ट्यूबची घाई नको. याचं नाक बारा महिने वाहतं, खोकला कायम ओला. एकदा सिलियाचं बघू." घरात सगळे वैतागलेत. कानाचं दुखणं आणि छातीत काय शोधताय, असा सूर आहे. एक्सरेत हृदय डावीकडेच आहे, म्हणजे सिलियाचा आजार नसणार, असं आमच्या नात्यातली एक नर्स म्हणाली. सासूबाईंचं एकच, रात्री कोमट तेल घाला.

ट्यूब लांबवली तर ऐकणं कायमचं जाईल का? आणि हे सिलिया प्रकरण नक्की काय आहे?

घाटावरची

माझ्या लेकीला चौथ्या वर्षी ग्रोमेट टाकले होते. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. दहा महिन्यांनी आपोआप गळून पडले. घरी येताना गाडीत म्हणाली, "आई, हॉर्न किती मोठा वाजतो!" घाबरू नका, टाकून घ्या.

मिरची_भजी

तेल नको हो. पाणी पडद्याच्या आत, तेल पडद्याच्या बाहेर. भेट होणार कशी? आणि पडद्याला भोक असलं तर नसता ताप.

कर्णधार

(पेशाने ईएनटी. मूल न तपासता लिहितोय, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.)

घाटावरची यांचा अनुभव अगदी खरा, बहुतेक मुलांचं तसंच होतं. पण शेंडेफळताई, तुमच्या मजकुरात दोन शब्द आहेत, 'बारा महिने' आणि 'ओला'. बालरोगतज्ज्ञ तिथेच थबकले असणार.

मधल्या कानातून एक नळी नाकाच्या मागे उतरते, युस्टेशियन नळी. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि उताराची. लहान मुलात लांबी जवळपास निम्मी आणि नळी बरीचशी आडवी. म्हणून या वयात कान भरतात. नळीतून हवा आत जाते आणि कानातला चिकटा बाहेर येतो. तो आपोआप वाहत येत नाही. नळीच्या आणि मधल्या कानाच्या अस्तरातल्या पेशींवर प्रत्येकी दोनशेच्या आसपास सूक्ष्म केस असतात, ते सिलिया. सेकंदाला दहा-पंधरा वेळा ते एकाच दिशेला फटका मारतात. स्लॅब पडताना घमेली हातोहात पुढे जातात ना, तसा चिकटा सरकत घशाकडे जातो. आपण तो नकळत गिळून टाकतो.

मधल्या कानात सगळीकडे ही सोय नाही, हे फार उशिरा कळलं. हॅना थॉम्पसन आणि अ‍ॅबिगेल टकर यांनी २०१३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून उंदरांवर दाखवलं की या पोकळीचं अस्तर दोन वेगळ्या मुळांतून येतं. नळीकडच्या भागावर सिलिया असतात, ऐकण्याच्या हाडांकडच्या वरच्या भागावर नसतात. तो कोपरा वारंवार का बिघडतो, याचा एक धागा तिथे मिळतो. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण ऑपरेशनला नेमक्या त्याच कोपऱ्यात आमची दमछाक होते.

आता तुमचा प्रश्न. सर्दीचा विषाणू किंवा धूर सिलियांना काही काळ लुळं करतो, नंतर ते सावरतात. काही थोड्या मुलांत मात्र ते जन्मापासूनच नीट हलत नाहीत. याला प्रायमरी सिलिअरी डिस्कायनेशिया म्हणतात, तोंडी पीसीडी. कान, नाक, सायनस, फुप्फुस, सगळीकडे झाडू तोच. त्यामुळे घरच्यांना सांगा, कानाचा आणि छातीचा संबंध आहे.

हृदय डावीकडे आहे म्हणून पीसीडी नाही, हे चूक. गर्भात डावं-उजवं ठरवण्याचं कामही सिलियाच करतात. ते थांबले की नाणं उडवल्यासारखं होतं. म्हणून पीसीडीच्या सुमारे निम्म्या रुग्णांत हृदय उजवीकडे जातं आणि निम्म्यांत जागेवरच राहतं.

ट्यूबबद्दल: पीसीडीत ट्यूब टाकली की कान महिनोन्‌महिने वाहत राहण्याचा धोका मोठा. म्हणून बरेच डॉक्टर आधी श्रवणयंत्र देतात. काही जण तरीही ट्यूब टाकतात, यावर आमच्यात एकमत नाही. तपासणीसाठी काही आठवडे थांबल्याने ऐकणं कायमचं जात नाही. मात्र त्या काळात त्याला वर्गातलं ऐकू आलं पाहिजे. पहिला बाक, आणि बोलताना तोंड त्याच्याकडे.

तीन गोष्टी सांगाल? पूर्ण दिवसांचा जन्मला का? जन्मल्यावर ऑक्सिजन लागला होता का? आणि तुमचं लग्न नात्यातलं आहे का? हा आजार बहुतेक वेळा आई आणि बाबा दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच होतो.

मिरची_भजी

घरात धूर? चूल, धुरी, उदबत्ती, बिडी?

शेंडेफळ_सांगली

आजेसासरे ओट्यावर बिडी ओढतात आणि हा दिवसभर त्यांच्या मांडीवर. कालपासून बिडी परसात गेली. रुसलेत, पण गेली.

डॉक्टर, तुमचे प्रश्न वाचून ट्रंकेतून दवाखान्याची फाइल काढली. पूर्ण दिवसांचा, २.९ किलो. दुसऱ्या दिवशी धाप लागली, पाच दिवस ऑक्सिजनवर होता. तेव्हा 'बाळाने पोटात पाणी गिळलं' असं सांगितलं होतं, आम्हीही सगळ्यांना तेच सांगत आलो. आणि हो, हे माझ्या सख्ख्या आत्याचे चिरंजीव. आमच्याकडे मामाची मुलगी करायची रीतच आहे.

कर्णधार

मग बालरोगतज्ज्ञांचं ऐका. पूर्ण दिवसांचं बाळ आणि तरी धाप लागून ऑक्सिजन, ही पीसीडीची एक खूण असू शकते. यावरून निदान होत नाही, पण तपासणी नक्की व्हायला हवी. नाकातल्या नायट्रिक ऑक्साइड वायूचं मोजमाप (पीसीडीत ते बहुधा फार कमी निघतं), नाकातून ब्रशने पेशी घेऊन वेगवान कॅमेऱ्याखाली सिलियांची हालचाल बघणं, आणि रक्तातून जनुक चाचणी. एकाच तपासणीवर निकाल लावत नाहीत. ब्रश सर्दी ओसरल्यावरच करून घ्या, नाहीतर सर्दीने लुळे झालेले सिलिया बघून सगळे फसतात. फाइलची झेरॉक्स ईएनटींनाही द्या, त्यांना ऑक्सिजनचं कुणी सांगितलं नसणार.

शेंडेफळ_सांगली

नाहीच सांगितलं. कान दाखवायला जाताना जन्माची फाइल कोण नेतं?

बाईंनी आजपासून पहिल्या बाकावर बसवलंय. पुढच्या महिन्यात पुण्याला जायचं ठरलंय, नाक तोवर जरा थांबलं तर. रिपोर्ट आले की इथेच लिहिते.