लावणीचा प्रेक्षक फोनवर बसलाय म्हणे!

येरमाळा_नाका
परवा एका लावणी-शौकिनांच्या गटावर पोस्ट वाचली. सार इतकंच की फडावर आता काही उरलं नाही, लावणीचं पुढं काय व्हायचं ते रीलवर ठरायलंय आणि आपण गटातली मंडळी म्हणजेच आजचा प्रेक्षक. खाली टाळ्यांची रांग. गप बसणार होतो, पण राहवलं नाही.

चोराखळी, जामखेड, मोडनिंब, चौफुला इथल्या लावणीच्या कला केंद्रांत रात्री कोण बसलेलं असतंय, ते या मंडळींनी एकदा बघावं. ट्रॅक्टरवाले, ऊसतोडीचे मुकादम, अडत्ये, बाजार उरकून आलेले बैलवाले. यातल्या एकानं तरी गटात कधी कमेंट टाकलीय का? ही माणसं फर्माईश करतात, पैसे मोजतात, आवडलं नाही तर उठून जातात. प्रेक्षक त्याला म्हणतात.

दुसरं, रीलमध्ये मावतं काय? बैठकीच्या, म्हणजे बसून अदा करायच्या लावणीत बाई एकच ओळ पाच-सहा वेळा घेते. समजा, ओळ वाट बघण्याची आहे. पहिल्यांदा नजर दाराकडं. दुसऱ्यांदा तीच ओळ पदराच्या टोकाशी चाळा करत. तिसऱ्यांदा रुसवा, चौथ्यांदा बसल्या जागी नुसती मान वळवून. शब्द तेच, अर्थ चार. त्यात तीन-चार मिनिटं जातात. तीस सेकंदांत बसते ती फक्त गिरकी. मग लोकांना वाटतंय, लावणी म्हणजे गिरकी.

लातूर_क्लासवाली
दादा, राग पोस्टवाल्यावर आणि काठी आम्हा क्लासवाल्यांच्या पाठीवर, असं झालं हे. हौशी पोरी नाचल्या म्हणून कला केंद्राचं गिऱ्हाईक तुटलं का? उलट ज्या घरात लावणी शब्द उच्चारायची चोरी होती, तिथल्या सुना नऊवारी नेसून स्नेहसंमेलनात उभ्या राहायल्यात.

आणि परिणाम होत नाही म्हणता, तर यात्रा कमिटीला विचारा. सुपारी ठरवताना पहिलं वाक्य काय असतंय? "ते फोनवर चाललंय ते गाणं पाहिजे." गाणं पार्टीनं निवडायचे दिवस गेले. हा परिणाम नाही तर काय आहे?

येरमाळा_नाका
परिणाम आहे, नाही कोण म्हणतंय? गावात लग्नाच्या वरातीचा डीजे वाजला की शेजाऱ्याच्या झोपेवरही परिणाम होतो. म्हणून डीजेवाला शेजाऱ्याचा प्रतिनिधी होत नाही.

ढोलकी_धाराशिव
दोघंही अर्धं बोलायलात. फोन फडात शिरला कधी ते आठवा. मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. तमाशाचे फड दसऱ्याला निघतात आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरतात, त्यातला चैत्र-वैशाखाचा जत्रांचा हंगामच कमाईचा. तोच गेला, पुढच्या साली पुन्हा गेला. नारायणगावच्या राहुट्यांत पाडव्याला जत्रांच्या सुपाऱ्या फुटतात, म्हणजे कार्यक्रम ठरतात, तिथं शुकशुकाट. त्याच काळात, जून 2020 ला टिकटॉक बंद झालं आणि जुलैत रील सुरू झाले. दोन वर्षं लोकांनी लावणी पाहिली ती फोनवरच. फड पुन्हा उभे राहिले तेव्हा समोरच्याचा कान बदललेला होता.

तो कसा बदलला ते ऐका. ट्रॅकवर लय ठरलेली असते, पाय तिच्यामागं पळतात. जिवंत ढोलकीत उलटं. बाईनं पाऊल अर्धी मात्रा उशिरा टाकलं तर ढोलकीवाला थांबतो, डाव्या पुडीवर घिस्सा ओढून, म्हणजे चामड्यावर हात घासून जागा भरतो आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, तिला उचलून घेतो. आता फर्माईश करणाऱ्याला मुखडाच चढ्या लयीत लागतो. मुखड्यालाच लय चढवली तर शेवटी चढवायला काय उरतंय? मग नुसता धिंगाणा. हे नुकसान रीलनं केलंय, क्लासनं नाही.

किनवट_तांडा
"नाच" म्हटलं की तुम्हाला लावणीपलीकडं काही दिसतच नाही, यात दोन्ही बाजूंची एकी आहे. अभिनंदन. नांदेड, हिंगोली, परभणीच्या बंजारा तांड्यांवर होळीला लेंगीचा नाच होतो, तिचं काय? लेंगी गोलात असते. तोंडं आत, पाठी बाहेर, मधे डफ. रीलवाल्यांनी तो गोल फोडून एका रांगेत कॅमेऱ्यापुढं उभा केला. आता तांड्यावरची पोरंही रांगेतच उभी राहायलीत, कारण व्हिडिओत तसंच दिसतंय. वरून भाड्याचा चमकीचा घागरा घालायचा आणि त्याला फेटिया, म्हणजे आमचा बंजारा घागरा म्हणायचं. आरशांचं काम, कवड्या, घुगरी-टोपली या दागिन्यांचं वजन, हे अंगावर असलं की पाऊल आपोआप जमिनीजवळ राहतं. हलक्या घागऱ्यात पोरी उड्या मारतात. तो दुसराच नाच झाला.

लातूर_क्लासवाली
किनवटकर, रांगेचं पटलं. आमच्याकडं तसंच बसवलं जातं, खोटं कशाला बोलू. पण स्टेजच्या तिन्ही बाजूंना पडदे असले तर गोल लावून दाखवायचा कुणाला?

जालना_जुना_मोंढा
मूळ रोग वेगळाच आहे. या हौशी पोरी व्हिडिओ बघून शिकतात आणि सेल्फी कॅमेरा सगळं उलटं करतो. डावं-उजवं बदलतं. म्हणून एकीचीही गिरकी धड नाही.

लातूर_क्लासवाली
साफ चूक. नीट समजून घ्या. शिकवणारी समोर तोंड करून उभी असेल आणि व्हिडिओ सरळ असेल, तर तिचा उजवा हात तुम्हाला पडद्याच्या डाव्या बाजूला दिसतो. बघणारी आरशासारखी नक्कल करते आणि डावा हात उचलते. म्हणजे सरळ व्हिडिओनं घोटाळा होतो. आरशासारखा उलटलेला व्हिडिओ असेल तर तशीच नक्कल करून बरोबर हात उचलला जातो.

ओळखायचं कसं? नथ बघा, पदर बघा. दोन्ही डाव्या बाजूला असतात. समोर तोंड केलेल्या बाईचा पदर पडद्याच्या उजव्या बाजूला दिसला तर व्हिडिओ सरळ. डाव्या बाजूला दिसला तर उलटलेला. सगळ्यात सोपं म्हणजे शिकवणारीनं पाठ करून शिकवावं.

जालना_जुना_मोंढा
बरं बाई, तुमचंच खरं. पण मग शिवलेल्या नऊवारीवर बोला! चेन लावलेली, पायजम्यासारखी चढवायची. खाली बैठक मारली की मागं काष्ट्याच्या शिवणीवर सगळा ताण येतो आणि भर स्टेजवर टर्र! नेसलेल्या लुगड्याला तिथं घोळ असतो, तो सैल होतो पण फाटत नाही. पोरींना हे माहीत असतं, म्हणून त्या खाली बसतच नाहीत. बैठकीची लावणी उभ्यानं! आणि पायात ते वेल्क्रोचे पट्टे.

ढोलकी_धाराशिव
आता आलात मुद्द्यावर. घुंगरू दोरीतच ओवायला पाहिजे. प्रत्येक घुंगराला गाठ, म्हणजे ते जागच्या जागी डुलतं. पट्ट्यावर शिवलेलं घुंगरू एका बाजूनं जखडलेलं असतंय, आवाज बोथट येतो.

लातूर_क्लासवाली
दोरीच्या गाठी घामानं ढिल्या पडतात. सगळी घुंगरं एकीकडं गोळा होतात आणि घोट्याच्या हाडावर घासून कातडं सोलतं. शिकाऊ पोरीला पट्टाच बरा.

ढोलकी_धाराशिव
घोट्यावर बांधतंच कोण? हाडाच्या दोन बोटं वर बांधायचं, खाली सुती पट्टी गुंडाळायची आणि दोरीचं टोक आत खोचायचं. हाडावर बांधून दोरीला कामून शिव्या द्यायच्या? आणि घामाचा खरा त्रास आतल्या लोखंडी गोळीला होतो. ती गंजली की घुंगरू मुकं. नाचून झालं की फडक्यानं पुसून मोकळ्या हवेत टांगायचं. ओलीच पिशवीत कोंबली की पुढच्या हंगामाला निम्मी मुकी निघतात.

येरमाळा_नाका
विषय कुठं होता, आलाय कुठं! पण निघालाच आहे तर ऐका. एका पायात दोनशे बांधलेत म्हणून मिरवणाऱ्या रीलची चीड येते. घुंगरू वाजवणं सोपं, गप करणं अवघड. समेवर ढोलकी एकदम थांबली की टाच दाबून सगळं वजन त्या पायावर घ्यायचं, पोटरी ताठ करायची, एकही दाणा वाजता कामा नये. त्या अर्ध्या क्षणाच्या शांततेला फडावर दाद मिळते. शंभर नीट गप करता येईनात आणि निघाल्या दोनशे बांधायला. रीलवर मागून ट्रॅक लावलेला, त्यात हे कळायची सोयच नाही.

नांदेड_वजिराबाद
माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणीचा कार्यक्रम असतो तेव्हा तिथल्या मंडपात बसून बघा. पुढचे फोन वर धरून उभे, मागचे ओरडतात "खाली बसा". पुढच्यांना शूटिंग पाहिजे, मागच्यांना लावणी. दोघंही त्याच यात्रेला आलेत, दोघंही खंडोबाचेच. आता यातला "खरा" प्रेक्षक कुठला, ते येरमाळाकरांनी सांगावं.

येरमाळा_नाका
मागचा. लिहून घ्या.

लातूर_क्लासवाली
आणि उद्या पार्टीला सुपारी पुढच्याच्याच व्हिडिओवरून येते. तेही लिहून घ्या.

येरमाळा_नाका
घेतलं. एवढं एक मान्य, तेही रडतखडत. गावोगाव नाव पोचवायचं काम फोन करतो, हँडबिलापेक्षा बरं करतो. पण हँडबिलाला कुणी प्रेक्षक म्हटलं नव्हतं कधी.

किनवट_तांडा
लेंगीवर अजून कुणी बोललं नाही, याची नोंद असावी.

लातूर_क्लासवाली
नोंद घेतली, किनवटकर. यंदाच्या कार्यक्रमात गोल मोडत नाही, लोकांना दिसल्या पाठी तर दिसू देत. डफ मात्र तांड्यावरचाच लागेल, ट्रॅक चालणार नाही. वाजवणारं कुणी असेल तर सांगा.

ढोलकीवाले दादा, तुमच्यासाठी एक. आमच्या हॉलला सिमेंटचा ओटा आहे, वर गालिचा. दोरीचे बांधले तरी घुंगरू ऐकूच येत नाही.

ढोलकी_धाराशिव
गालिचा काढा आधी. ओट्यावर लाकडी फळ्या टाका, ओट्यापासून चार बोटं उचलून, म्हणजे खाली पोकळी राहते आणि टाच घुमते. फळ्यांच्या सांध्यावर खिळ्याचं डोकं वर आलेलं नाही ना, ते तळहात फिरवून बघा, पाय अनवाणी असतात. माइक फळ्यांच्या कडेला, वीतभर उंचीवर. फळीला टेकवू नका, नाहीतर टाचेचा नुसता धाडधाड आवाज येईल.